फाटकवाल्याचं दान

छोटेलाल बिसेन यांनी चौतीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर काढली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी माणसाचा फाटकवाला स्वभाव काही सुटला नाही. आमच्या सौंदडमध्ये कुणी पावतीपुस्तक घेऊन शिरला की लोक आधी त्यांच्या ओसरीकडे बोट दाखवतात. माझी पिठाची चक्की बरोबर त्यांच्या घरासमोर आहे, त्यामुळे हे तमाशे मी फुकटात बघत आलोय.

पूर्वी असं नव्हतं. चार वर्षांपूर्वी एक जीप भोंगा लावून आली. आतला माणूस म्हणाला, अनाथ मुलांचं वसतिगृह बांधायचंय. अख्ख्या गावानं दिलं. मीही अकराशे दिले, हार घालून फोटो काढून घेतला. पंधरा दिवसांनी तोच माणूस त्याच जीपमधून कोहमाऱ्याच्या चौकात गाद्या विकताना दिसला. मी जाब विचारला तर म्हणतो कसा, "चाचा, सीजन सीजन की बात है." वर मला गादीवर पन्नास रुपये सूट दिली. आणि मी मूर्खानं ती घेतली.

तेव्हापासून गावाची पडताळणी छोटेलालभाऊंकडे आली. त्यांची पद्धत रेल्वेतलीच. फाटकावरच्या माणसाला कुणी येऊन "गाडी गेली, उघड आता" म्हटलं, तर तो हलत नाही. स्टेशन मास्तरशी खुणेच्या नंबराची देवाणघेवाण झाली पाहिजे, वहीत लिहिलं पाहिजे, मगच. तसंच इथंही. मागणाऱ्यानं दिलेला फोन भाऊ कधीच लावत नाहीत. "त्याचा नंबर त्याचाच माणूस उचलन ना," म्हणतात. ते त्या गावातला भलताच कुणीतरी शोधतात आणि त्याला विचारतात.

एकदा हिमांशू नावाचा एक टापटीप पोरगा आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. बालाघाटकडच्या एका गावात आमचा मोफत दवाखाना चालतो म्हणाला. भाऊंनी त्याला पाणी दिलं, बसवलं, आणि साडूच्या व्याह्याकडून त्या गावातल्या सायकलवाल्याचा नंबर मिळवला. सायकलवाला फोनवर एवढा हसला की मला चक्कीत ऐकू आलं. "दवाखाना? भैया, यहाँ तो पंक्चर का सोल्यूशन लाने भी बारा किलोमीटर जाना पड़ता है!" पोरगा असा उठला की पेन विसरला. भाऊ ते पेन घेऊन त्याच्या मागे बसथांब्यापर्यंत गेले. दुसऱ्याची वस्तू ठेवत नाहीत ते.

गोंदियाला दुकान चालवणारा त्यांचा मुलगा ओमेश एकदा फोनवर आजारी बाळाचा फोटो पाठवून म्हणाला, बाबा, एका तासात पैसे टाकायचे आहेत. भाऊंनी त्यालाच झापलं. "जो घाई करते ना, थोच फाटकाखालून घुसते." दुसऱ्या दिवशी तेच बाळ दुसऱ्या नावानं, दुसऱ्या आजारासकट चक्कीतल्या गिऱ्हाइकाच्या फोनवर आलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. अडचण होती ती त्यांच्या स्वतःच्या घरात.

भाऊंची बायको सुशीलाबाई दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या माहेरकडून आलेली एक बांधी, म्हणजे धानाच्या शेताचा एक तुकडा, तिच्या नावावर होती. जाण्याआधी तिनं नवऱ्याला एकच गोष्ट सांगितली होती. "माह्या बांधीचं धान भुकेल्याच्या पोटात गेलं पायजे. कोनाच्या गाडीत नाही." भाऊंनी शब्द दिला होता. पण द्यायचं कुणाला? पहिल्या वर्षी बारा कट्टे, म्हणजे पोती, झाले, नऊ संस्था तपासल्या, नऊही नापास. दुसऱ्या वर्षी आणखी बारा. माणसं नापास करता करता चोवीस कट्टे खोलीत पडून राहिले आणि आतापर्यंत ते दान फक्त उंदरांना पोचत होतं. तिसरं पीक कापणीला आलं, तसे भाऊ जेवणावरून अर्धवट उठायला लागले. मला त्यांचा राग येई आणि कीवही येई. शब्द दिलेला माणूस असा रोज त्या खोलीचं कुलूप तपासून परत येताना बघणं सोपं नव्हतं.

अशात माझ्याकडे दळायला आलेली मंजू बोलता बोलता म्हणाली की तिची आई चिचगडला फुलवंताबाईंकडे दोन वेळ जेवते. पोरं कामाला हैदराबाद-नागपूरला गेलेली, मागे राहिलेले वीस-बावीस म्हातारे, आणि ही बाई त्यांना रांधून घालते. मी धावतच भाऊंना सांगितलं.

"मागाले काऊन नाही आली मंग कधी?" भाऊंनी डोळे बारीक केले.

"मागत नाही म्हणते थे."

"मागत नाही? मंग तर जास्तच पाहा लागन."

आता या माणसाला काय म्हणावं! मागणारा चोर, न मागणारा अट्टल चोर. शेवटी ठरलं की स्वतः जाऊन बघायचं, पण वेश बदलून. "तपासणीवाले सायेब आमाले सांगून येत होते काय?" भाऊ म्हणाले. तीन दिवस दाढी केली नाही. फाटका सदरा घातला. पायात एक निळी आणि एक तपकिरी चप्पल. फक्त मिशीला त्यांनी त्या दिवशीही तेल लावलं. तिच्याशी तडजोड नव्हती. मी लांबून नजर ठेवायची आणि गरज पडली तर ओळख नसल्यासारखं वागायचं.

कोहमारा, देवरी करत आम्ही अकराच्या सुमाराला चिचगडला पोचलो. भाऊ लंगडत त्या कौलारू घराच्या अंगणात शिरले. लंगडायचं ठरलं नव्हतं, ते त्यांनी आयत्या वेळी सुरू केलं. "भूक लागली, बाई," एवढंच म्हणाले. मी रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली उभा राहिलो.

नाव नाही, गाव नाही, काही विचारलं नाही. फुलवंताबाईंनी आधी पाट मांडला. भात, लाखोळीची डाळ, वांग्याची भाजी. भाऊ तपासणी विसरून तीनदा भात घेताना मला दिसले. जेवण झाल्यावर फुलवंताबाईंनी त्यांना न्हाणीकडे पाठवलं आणि मग फागू नावाच्या म्हाताऱ्याच्या पुढ्यात बसवलं. फागू आयुष्यभर लोकांचे केस कापून आता तिथंच जेवायला होता. हात थरथरत होता, पण उत्साह दांडगा. त्यानं दाढी केली. मग डावी मिशी गेली. भाऊंच्या तोंडातून आवाज निघेना, कारण ओरडावं तर सोंग उघडं पडणार. आता एकच मिशी बरी दिसत नाही म्हणून फागूनं उजवीही काढली.

मला हसू आवरेना, आणि नेमकं तेव्हाच फुलवंताबाईंनी मला पाहिलं. पन्नाशीची काटक बाई, पदर खोचून थेट रस्ता ओलांडून आली.

"बापाले सोडून पळून राहिला काय?"

"मी? नाही बाई, थे माहे कोणी नाही. बसथांब्यावर भेटले."

"सारेच असंच सांगतात! बसथांब्यावर भेटला, बाजारात भेटला. एवढं पोट सुटलं, बापाले दोन भाकरी नाही देववत?"

मी चोपन्न वर्षांचा, छोटेलालभाऊ सहासष्ट. मी यांचा मुलगा कधी झालो? पण त्या बाईनं माझा दंड असा धरला की मी मुकाट्यानं अंगणात गेलो. तिथं तिनं भाऊंना नाव-गाव विचारलं. चौतीस वर्षांची सवय. साहेब समोर असल्यासारखे ताठ उभे राहून त्यांनी सांगून टाकलं, "छोटेलाल बिसेन, फाटकवाला, सौंदड."

"घरचा फोन?"

भाऊंनी ओमेशचा नंबर सांगितला. फुलवंताबाईंनी तो लिहून घेतला, पण लावला नाही. त्यांनी दुसराच नंबर काढला. सौंदडची आरोग्यवाली आशाताई कधीतरी त्यांच्यासोबत शिबिराला होती म्हणे. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची स्वतःची पद्धत त्यांच्यावरच चालली होती.

फोन संपला आणि बाईंचा चेहराच बदलला.

"स्लॅबचं घर, पेन्शन, पोराचं गोंदियात दुकान! आन गरिबाच्या ताटात जेवून राहिले? लाज नाही वाटत? असे सोंगाडे मी लय पाहिले!"

नऊ संस्थांना ठग ठरवणारा माणूस स्वतः ठग म्हणून पकडला गेला होता, बिनमिशीचा. मला वाटलं आता भडकतील. पण भाऊंचे डोळे चमकत होते. एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत पाहिला नव्हता.

"पास!" ते माझ्याकडे वळून म्हणाले. "घनश्याम, बाई पास झाली!"

मग त्यांनी सगळं सांगितलं. बांधी, चोवीस कट्टे, दिलेला शब्द. फुलवंताबाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, असं नाही घेणार. मागच्या वर्षी एका म्हाताऱ्यानं पोराशी भांडून धान दिलं, नंतर तो पोरगा काठी घेऊन दारात आला. तुमचा मुलगा आपल्या तोंडानं हो म्हणेल, तेव्हाच कट्टे आणा. लगेच ओमेशला फोन लागला. तो हो म्हणाला, शिवाय गाडी मी आणतो म्हणाला.

"आता एकच सांगा," बाईंनी वही उघडली. "ज्याच्या नावानं धान येते, त्याच्या आवडीचं एक दिवस रांधतो आमी. तुमच्या बाईले काय आवडे?"

"वांग्याची भाजी," भाऊ लगेच म्हणाले. "मले रोज दिली तरी..."

"तुमचं नाही विचारून राहिली. तिचं."

भाऊंचा हात मिशीकडे गेला आणि मोकळाच खाली आला. जगाला हजार प्रश्न विचारणाऱ्या या माणसाला हा एक कधी पडलाच नव्हता. "नाही मालूम," ते शेवटी पुटपुटले. मला तिथून उठून जावंसं वाटलं, कारण माझ्या घरचं उत्तरही मला येत नव्हतं.

बाई रागावल्या नाहीत. माहेरचं कोणी आहे का, एवढंच विचारलं. भाऊंनी मेहुणीला, चंचलबाईंना फोन लावला. त्यांना आठवावंही लागलं नाही. "अंबाडीची भाजी! लहानपणी ताईचं मन भरत नव्हतं. मंग तुमाले आंबट चालत नाही म्हणून तिनं तुमच्या घरात कधी आणलीच नाही, भाटोजी."

पुढच्या रविवारी ओमेशच्या गाडीतून धान चिचगडला पोचलं. मोठ्या गंजात अंबाडी शिजली. भाऊ पंगतीत बसले. पहिल्या घासालाच त्यांचं तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी पानातलं सगळं संपवलं.

"आवडली काय, भाऊ?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले, आणि फुलवंताबाईंपुढे ताट धरलं. "वाढा अजून."