स्वयंपाकघरातला बोर्ड

चाकणच्या ज्या कंपनीत मी क्वालिटीला आहे, तिथे प्रत्येक लाइनवर एक बोर्ड असतो. काल किती पीस रिजेक्ट झाले, कुणाच्या हातून झाले, सगळं लाल मार्करनं त्यावर लिहायचं. शिफ्ट सुरू होताना सगळ्यांनी त्याच्यासमोर उभं राहायचं. माझा त्या बोर्डावर देवापेक्षा जास्त विश्वास होता.

माझी मुलगी तिसरीत गेली तरी तिला धड वाचता येईना. शब्द गाळायची, ओळ सोडून भलतीकडेच जायची. मला वाटलं, शुद्ध कामचुकारपणा. मग निगडीच्या आमच्या घरी, स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी, मी तसाच बोर्ड लावला. रोज संध्याकाळी एक धडा; जितक्या चुका, तितका आलेख वर. पाहुणे चहा पिता पिता तो बघायचे आणि हसत विचारायचे, "काय गं, आज किती?" ती आईच्या मागे जाऊन उभी राहायची. मला तेही बरंच वाटायचं. लाज वाटली की सुधारेल, असा माझा हिशेब.

आणि आलेख खाली आला की! महिन्याभरात चुका जवळजवळ बंद. माझी छाती फुगली. कंपनीच्या बसमध्ये मी बोर्डाचा फोटो दाखवत सुटलो.

मग शाळेतून बोलावणं आलं. बाई म्हणाल्या, "ती वाचत नाही हो. तिला सगळे धडे पाठ आहेत." त्यांनी माझ्यादेखत एक न शिकवलेलं पान तिच्यापुढे धरलं. ती ढिम्म उभी राहिली, गणवेशाचं टोक मुठीत आवळून. दुपारी आईकडून धडा वाचून घ्यायची आणि ऐकून ऐकून पाठ करायची. बोर्डाच्या धाकानं कामगार खराब पीस टेबलाखाली सरकवतात, हे बारा वर्षं मीच पकडत आलोय. घरात मात्र मी आंधळा.

तपासणीत डिस्लेक्सिया निघाला. समुपदेशक बाई म्हणाल्या, "वाचन येईल हळूहळू. पण ती स्वतःला मठ्ठ समजते, ते आधी तिच्या मनातून काढायला हवं." त्याच दिवशी मी बोर्ड उतरवला. तिच्यासमोर बसून म्हटलं, "माझं चुकलं, बाळा."

"नाही पप्पा, चुका माझ्याच होत्या," ती म्हणाली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

याला आता दोन वर्षं झाली. ती रोज आईला मोठ्यानं वाचून दाखवते. अडखळते, हसते, पुन्हा वाचते, असं बायको सांगते. एकदा पहिली शिफ्ट करून आलो तेव्हा जिन्यातच तिचा आवाज ऐकू आला. मी दाराशी थांबलो, श्वास रोखून. इतकं मोकळं तिला वाचताना मी कधी ऐकलंच नव्हतं. तेवढ्यात ती म्हणाली, "आई, चल लवकर, पप्पा यायच्या आत संपवू."

तेव्हापासून मी बसमधून उतरून थेट घरी जात नाही. बसस्थानकातल्या बाकड्यावर बसून राहतो. वाचन संपलं की बायको मिस्ड कॉल देते. मग उठतो.