डब्यातली डावरी गाठ

माझं शुद्धलेखन चुकतं, अक्षरही वाईट. चौथीपर्यंतच शिकले, माफ करा. हे माझ्यापुरतंच लिहितेय. कधी कुणी वाचलं तर हसू नका. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. बायका चकव्याच्या गोष्टी काढायला लागल्या की मी उठून जायची. पण मग हे काय होतं...

आमचं गाव गुंजवणी धरणाच्या खालच्या अंगाला. तिथल्या दूध डेअरीत मी कॅन धुते, घरच्या म्हशीचं दूधही तिथंच घालते. डेअरी दर लिटरमागं थोडी ठेव कापते आणि आखाडात परत देते. सगळ्यांचा हिशोब कॉम्प्युटरमध्ये. त्याची नक्कल डेअरीचा कारकून महेश रोज पेनड्राईव्हवर घ्यायचा. डेअरीत चोरी झाल्यापासून तो पेनड्राईव्ह रात्री माझ्याकडं असायचा, भाताच्या बियाण्याच्या डब्यात. दसऱ्याला मी त्याला झेंडूचं फूलसुद्धा वाहिलं. उघडून मात्र कुणीच बघितलं नव्हतं.

माझे मालक गेल्यापासून मी आणि पोरगी दोघीच. तिचा नर्सिंगचा प्रवेश त्या ठेवीवरच होता.

वैशाखात डेअरीचं ऑफिस बंद होतं त्या दिवशी, भर दुपारी मी बी काढत होते. पेरायच्या आधी मूठभर बी ओल्या फडक्यात बांधून उगवतं का ते बघायचं, ही आमची रीत. तेवढ्यात मागून आवाज आला, "उगवून बघितलं का गं?"

सासूबाईंचा आवाज. त्या जाऊन दोन वर्षं झालीत.

"बघतेच हाय, आत्याबाई," माझ्या तोंडून निघून गेलं.

"त्ये न्हाई. त्ये दुसरं."

वळले तर कुणी नाही. डब्यात मी नुसताच ठेवलेला पेनड्राईव्ह कोरड्या फडक्यात बांधलेला... गाठ डावरी. सासूबाई डावखुऱ्या होत्या. तशी गाठ आमच्यात दुसऱ्या कुणाला येत नाही.

मग रोज तोच आवाज. वेड लागतंय असं वाटायचं. डेअरीत जायची, पण तोंड उघडायचं नाही. मला एसटीत तिकीट मागतानाही आवाज फुटत नाही. शेवटी महेशला विचारलं, पेनड्राईव्हमधलं कधी उघडून बघितलंस का? तो म्हणाला, स्क्रीनवर 'कॉपी झाली' असं येतं की, अजून काय बघायचं? सेक्रेटरी तात्या म्हणाले, "शेवंता, कॉम्प्युटरची दृष्ट काढतीस का आता?" दूध घालायला आलेली सगळी रांग हसली. घरी येऊन मी रडले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. महेशपुढं खालीच बसले आणि हात जोडले. "दुसऱ्या मशीनवर एकदा उघडून बघ रं बाबा. उगवलं न्हाई तर माज्या पोरीनं काय करायचं?"

माझा पिच्छा सुटावा म्हणून तो मला घेऊन नसरापूरला मित्राच्या दुकानात गेला. रोजच्यासारखाच, गाठ न सोडता मी पेनड्राईव्ह फडक्यातून ओढून काढला. फाईलचं नाव दिसलं. आत काहीच नाही. वरून भात, आत फोल. महेशनं काढून परत लावून बघितलं. "काकू, कित्येक महिने ह्यात काय उतरलंच न्हाई."

त्याच दिवशी त्यानं नव्या पेनड्राईव्हवर नवी नक्कल घेतली, परत त्या दुकानात नेऊन उघडली आणि एकेक नाव वाचलं. माझंही होतं. त्याच आठवड्यात वळवाची वीज पडली आणि डेअरीचा कॉम्प्युटर जळाला. नव्या मशीनवर सगळा हिशोब त्या नकलेतूनच चढवला.

काकू, तुमाला कुणी सांगितलं, असं महेश अजून विचारतो. काय सांगू? मलाच ठाऊक नाही. तो आवाज परत आला नाही. रिकामं फडकं डब्यात आहे, गाठ सोडायचा धीर होत नाही.

आखाडात तात्यांनी एकेकाला नाव घेऊन बोलावलं. कुणाचंही नाव राहिलं नाही. माझं सगळ्यात शेवटी आलं. ठेव परत मिळाली, पूर्ण.