अन्वरभाईंच्या कॉम्प्युटरात ‘गोटी’ नव्हती

धामणगाव बढे इथल्या अन्वरभाईंनी माझ्या नाकी नऊ आणले. फवारणी पंपाच्या सुट्या भागांचं त्यांचं दुकान. साडेनऊशे प्रकारचा माल, आणि कोणता कुठे ठेवलाय हे फक्त त्यांच्या डोक्यात. मी दुकानांना कॉम्प्युटर बसवून देतो. यांना दोन वर्षांत तीनदा बसवून दिला. तिन्ही वेळा त्यांनी त्यावर फडकं टाकलं आणि वर वायसरचे पुडे रचले.

यंदा उजव्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. थांबलात तर डोळा जाईल, आणि नंतर पंधरा दिवस दुकानाच्या धुळीत बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. नेमका फवारणीचा हंगाम. दुकान बंद राहिलं की गिऱ्हाईक मोताळ्याच्या दुकानांकडे वळणार, आणि एकदा वळलेलं परत येत नाही. तेव्हा कुठे स्वारी नरमली. आमच्या सरवरीला शिकवा, म्हणाले. सरवरीभाभी म्हणजे त्यांची बायको.

हातात आठ दिवस होते. भाभी दोन दिवसांत मशीन चालवायला शिकल्या. तिसऱ्या दिवशी किसनराव नावाच्या शेतकऱ्याने येऊन पंपाची गोटी मागितली. भाभींनी ‘गोटी’ टाइप केलं. असा माल नाही, असं उत्तर आलं. अन्वरभाईंनी मान न वळवता मागच्या डब्यातून गोटी काढून दिली आणि माझ्याकडे बघून हसले. कंपनीच्या यादीत ती ‘व्हॉल्व्ह बॉल’ होती. मी भाभींना सांगितलं, कंपनीची सगळी नावं पाठ करा. साडेनऊशे नावं, पाच दिवसांत. इतका शहाणा मी.

“गिऱ्हाईक काय कंपनीचं नाव घेऊन येते काय, भाऊ?” त्या म्हणाल्या. “ते जे म्हनते तेच लिवा ना याच्यात.”

मला राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं. पण ती नावं अन्वरभाई सांगतील तर शपथ. गिऱ्हाईक आल्यावर सांगतो, एवढंच पालुपद. शेवटी भाभीच वही घेऊन काउंटरशी बसल्या. शिट्टी, टोपी, बोंडी, कोणी जे मागेल ते लिहायचं आणि कुठल्या डब्यातून निघालं तेही लिहायचं. संध्याकाळी मी ते मशीनमध्ये भरायचो. हंगामात फिरून फिरून दोन-अडीचशे वस्तूच लागतात, हेही तेव्हा कळलं. दोन वर्षांत मी हे एकदाही विचारलं नव्हतं.

काही सापडलं नाही तर मला फोन करा, असं भाभींना बजावून अन्वरभाई दवाखान्यात गेले. ऑपरेशन नीट पार पडलं. पाचव्या दिवशी भेटायला घरी गेलो. अन्वरभाई काळा चष्मा लावून पलंगावर बसले होते, हातात फोन. दुकानात गर्दी आहे, भाभी कोणालाच परत पाठवत नाहीत, असं मी सांगितलं. आता तरी हा माणूस शाबास म्हणेल, असं वाटलं होतं.

“मालूम हाय मले,” ते म्हणाले. “चार दिवस झाले, दुकानातून एक फोन नाही आला.”