बेसची कॉइल मी भरली तेव्हा

आमचे हे भीमगीतांच्या पार्टीत बेस गिटार वाजवायचे. चार जाड तारांची ती गिटार, ढोलकीच्या खालून घुमणारी. बिबवेवाडीतला यांचा कारखाना बंद पडला. आजूबाजूची पोरं कॉम्प्युटर शिकून खराडीला नोकऱ्यांना लागली. पण पन्नाशीच्या माणसाला कोण घेतंय? तेव्हा ती पार्टीतली जागा, एवढंच यांचं म्हणून उरलं होतं.

त्यातच जयंतीच्या महिनाभर आधी बेसचा आवाज अर्धा झाला. पार्टीचे गायक तेच मालक. ते घरी आले, चहा घेतला आणि खाली बघत म्हणाले, "दादा, नवा कीबोर्डवाला डाव्या हातानं बेसही वाजवतो. मी तुम्हाला जा म्हणत नाही. पण रविवारच्या तालमीत तुमचा बेस ऐकू आला पाहिजे."

आता बेसच्या तारांखाली दोन पिकअप असतात. पिकअप म्हणजे काय, तर लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसासारखी तार गुंडाळलेली कॉइल. दोघांना आवाजाचं एकेक बटण. त्यातली एक कॉइल तुटलेली निघाली. नवी मागवायची तर जयंती होऊन जाणार. मी म्हटलं, अहो, कॉइलच ना? मी आठवी नापास, पण कामावर, एका शेडमध्ये, ट्रान्सफॉर्मरच्या कॉइली भरत होते, शेजारणीच्या हाताकडे बघून शिकलेली. जेवणाच्या सुट्टीत यांची कॉइल मशीनवर चढवली, हजारो वेढे दिले, घरी येऊन सोल्डर केली. केवढी ऐट होती मला त्या दिवशी!

आणि आवाज आणखीनच बारीक. पत्र्याच्या डब्यात माशी अडकल्यासारखा.

मग सुरू झालं. केबल बदलली. जॅकचं भोक कापडानं पुसलं. ॲम्प्लिफायर दुसऱ्याचा आणून पाहिला. तारा नव्या घातल्या. पिकअप वर उचलले, खाली केले. पेचकसानं एकेका पिकअपवर टकटक केली, तर दोन्हीकडून खणखणीत आवाज. म्हणजे कॉइली जिवंत. मग मेलंय कोण?

कसब्यात वाद्यं दुरुस्त करणारे एक म्हातारे होते, त्यांच्याकडे नेली. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "इथे चामडं आणि लाकूड बघतो आम्ही. वायरीचं इस्त्री दुरुस्त करणाऱ्याला विचारा."

"आवाज कमी येतो हो," मी म्हटलं.

"मग शेजारी सुखी असतील."

रविवारी हे तालमीला गेले. मीही गेले, मागे बसले. यांची सवय अशी की दोन्ही बटणं पूर्ण उघडी ठेवूनच वाजवायचं. ढोलकी सुरू झाली आणि यांची बोटं नुसती हलताना दिसत होती. दुसऱ्या कडव्यानंतर मालकांनी कीबोर्डवाल्याकडे पाहून मान हलवली. बस, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी हे जेवले नाहीत. मी बेस पुसायला घेतली, ॲम्प्लिफायर चालूच होता. फडक्यानं एक बटण फिरून बंद झालं, तार हलली आणि अख्खी खोली घुमली! मी बटण परत उघडलं, आवाज गेला. दुसरं बंद केलं, आवाज आला. एकेकटी कॉइल ठणठणीत, आणि दोघी मिळून एकमेकींना खाऊन टाकत होत्या. तेव्हा कळलं. आमच्या शेडमध्ये सगळ्या कॉइली एकाच अंगानं, एकाच दिशेनं भरतात, हात दुसरीकडे वळतच नाही. तुटलेली मूळची कॉइल उलट्या अंगाची होती. ते मी पाहिलंच नव्हतं.

उपाय किती, तर त्या कॉइलची दोन टोकं अदलाबदल करायची. पाच मिनिटांचं काम.

संध्याकाळी दोघं मालकांच्या घरी गेलो. यांनी वाजवलं. मालकांनी डोळे मिटले. "काय घुमतंय हो दादा! मग काल काय झालं होतं?"

मी तोंड उघडणार, तोच हे म्हणाले, "काल माझाच हात चालला नाही."

 मालक माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, त्या कीबोर्डवाल्याला शब्द देऊन बसलो. आणि एक माणूस कमी झाल्यावर सगळे एकाच जीपमध्ये मावतो. राग धरू नका."

परत येताना मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं हे."

"कॉइल चांगली भरलीस," हे म्हणाले.

जयंतीला सकाळी विहारात वंदनेला गेलो, संध्याकाळी कार्यक्रमाला गेलो नाही. पुढे हे खराडीत एका कंपनीच्या गेटवर पहाऱ्याला लागले. सुट्टीच्या दिवशी बेस घेऊन बसायचे. नुसता बेस ऐकून गाणं कोणतं ते कळत नाही, म्हणून मी सोबत गुणगुणायचे. मला सूर नाही. दोन ओळींत हे थांबायचे, हसायचे. मग हळूहळू बसायचेच बंद झाले.