सरको की सरकी

फाटक उघडलं तर अंगणात गाई. एक लादीवर ऐसपैस बसलेली, दुसरी भिंतीला अंग घासतेय आणि एक वासरू जमीन चाटतंय. ज्याच्या वासाची तक्रार होती तो भुऱ्या कुत्रा कोपऱ्यात साखळीला हिसके देत होता. भुंकून भुंकून त्याचा घसा बसला होता.

"आवो डॉक्टरसाब!" घरमालक धनसुखभाई कमरेवर हात ठेवून उभे. "तमारी दवाथी गायो आवी! हवे शुं, भेंस आवशे?"

मी तेव्हा सुरतेत जनावरांच्या एका खाजगी दवाखान्यात असिस्टंट होतो. मूळचा धुळ्याकडचा, त्यामुळे शहरातल्या गोडादरा वस्तीतले खानदेशी लोक सहसा माझ्याकडेच यायचे. पण लताबाई आल्या त्या दिवशी मी पलसाण्याला व्हिजिटवर होतो. त्यांची केस आमच्या मोठ्या साहेबांनी घेतली. साहेब पक्के सुरती. बोलणं भराभर, आणि सगळं गुजरातीत. आज मालकांची तक्रार आली म्हणून मी बघायला आलो होतो.

केस तशी साधी होती. लताबाई धनसुखभाईंच्या भाडेकरू. नवरा सुरतेजवळच्या सचिन गावातल्या कारखान्यात कायम रात्रपाळीला. भुऱ्या अंगणाच्या एकाच कोपऱ्यात लघवी करायचा. प्लेगचं साल नुकतंच होऊन गेलेलं, सगळं शहर वासाला घाबरत होतं. मालकांनी बजावलं होतं, रविवारपर्यंत वास गेला नाही तर कुत्रा काढा, नाहीतर खोली खाली करा.

मी वासराला हाकललं आणि ते काय चाटतंय ते उचलून पाहिलं. भिजलेली सरकी.

"ताई, हे काय?"

"सरकी शे ना भाऊ. साहेबनीच सांगेल व्हतं. सरकी आनि पानी सारखं लेवानं, सांजले शिपडानं."

साहेब म्हणाले होते 'सरको'. गुजरातीत सरको म्हणजे सिरका, आपलं व्हिनेगर. खानदेशात सरकी म्हणजे कापसाचं बी. ते भिजवून दुभत्या जनावरांना घालतात. पाण्याचं नाव निघालं म्हटल्यावर लताबाईंना शंका यायचं कारणच नव्हतं. सरकी भिजवायचीच असते! त्यांनी गोठ्यावाल्याकडून सरकी आणली, इमानेइतबारे अंगणभर पसरली, आणि गल्लीतल्या गाईंना आमंत्रण गेलं.

मला हसू आवरेना. लताबाईंचे डोळे भरून आले.

"हसू नका भाऊ. हाऊ रातले जागा ऱ्हास म्हनीसन माले झोप येस."

माझं हसू तिथंच थांबलं. वाईट वाटलं. ही बाई रोजची रात्र या कुत्र्याच्या भरवशावर काढत होती, आणि मी शब्दाची गंमत बघत उभा होतो.

गाईंना बाहेर काढून मी खराट्याने सरकी ओढायला लागलो. खाली लाद्यांच्या सांध्यांत पांढरी भुकटी दिसली. जुना चुना असेल म्हणून वाकलो आणि नाकात झिणझिण्या आल्या.

"हे कोणी टाकलं?"

"में!" धनसुखभाई छाती पुढे काढून म्हणाले. "रोज. ब्लीचिंग पावडर. एकदम चोख्खु."

 ब्लीचिंग पावडरीवर सिरका पडला की क्लोरीन सुटतो. विषारी गॅस. उघड्या अंगणातून माणूस खोकत तरी बाहेर पळेल. पण हा गॅस जड, जमिनीलगत राहतो, आणि भुऱ्या त्याच कोपऱ्यात साखळीला बांधलेला. लताबाईंनी साहेबांचं नीट ऐकलं असतं, तर कुत्रा त्यांच्याच हाताने गेला असता.

आणखी एक भानगड होती. शिळ्या लघवीतून अमोनिया सुटतो, डोळ्यांना झोंबतो तो तोच. त्यावर ब्लीचिंग पडलं की वास जात नाही, जास्त झोंबरा होतो. मालक ज्या वासाने हैराण होते, त्यातला बराचसा त्यांनीच पिकवलेला होता. हे मी त्यांना सांगितलं. ते आधी चिडले, मग वाकून सांधा हुंगला आणि गुपचूप नळाला पाइप लावायला गेले.

सिरका इतक्यात आणायचा नाही, असं मी बजावलं. आधी सांधे खरवडले, पावडर उचलून टाकली. मग नुसतं पाणी, भरपूर, काथ्याच्या ब्रशने घासून. दोन दिवस उन्हात सगळं कडकडीत वाळू दिलं. पावडरीचा मागमूस राहिला नाही याची खात्री झाल्यावरच सिरका आणि पाणी निम्मं निम्मं करून कोपऱ्यात शिंपडलं. सिरका आंबट, अमोनिया क्षार जातीचा, एकमेकांना मारतात. सिरक्याचा स्वतःचा वास वाळला की उडून जातो. घरामागे कच्च्या जमिनीत खड्डा करून रेती भरली आणि भुऱ्याला तिकडे न्यायची सवय लावायला सांगितलं. ओली रेती उचलायची, नवी टाकायची. बस.

रविवारी धनसुखभाई नाक घेऊन हजर. कोपऱ्यात वाकले, भिंतीजवळ वाकले, शेवटी चक्क गुडघ्यावर बसले.

"वास तो नथी आवती," ते जरा नाराजीनेच म्हणाले. "ठीक छे, लताबेन. कुतरो भले रह्यो."

लताबाईंनी डोळ्याला पदर लावला. भुऱ्या मालकांचा हात चाटायला गेला, तो त्यांनी चाटू दिला.

दवाखान्यात आल्यावर मी साहेबांना म्हणालो, "साहेब, तिथे जमीन ब्लीचिंगने भरलेली होती."

साहेबांचा हात पेनावरच थांबला. "मने तो कोईए कह्युं नहीं."

"तमे पूछ्युं नहोतुं."

 पुढच्या पेशंटच्या मालकाला मात्र त्यांनी बराच वेळ बसवून एकेक गोष्ट विचारून घेतली.

मी आजही औषध सांगण्याआधी विचारतो, आधी काय घातलंय? बहुतेक जण म्हणतात, काहीच नाही. मग मी स्वतः जाऊन बघतो.