वन्संना पट्टा बांधला तेव्हा

पौषातली दुपार आहे. मंदाकिनी गोधडी अंगावर ओढून पडली आहे. सकाळीच नाच-व्यायामाच्या क्लासमधल्या रेश्माचा फोन येऊन गेला. "काकू, आज संध्याकाळी कॉलेजच्या मुली येणारेत. नाचताना बायकांची किती शक्ती खर्च होते ते मोजणारेत. छातीला पट्टा बांधायचा, बस. याल ना?"

मंदाकिनीने नाही म्हणून सांगितलं. साठी उलटल्यावर तिने आणि तिच्या नणंदेने, इंदूने, मिळून त्या क्लासात नाव घातलं होतं. इंदू गेली, त्यानंतर हिने हॉलची पायरी चढलेली नाही.

डोळा लागतो न लागतो तोच कुणीतरी गोधडी खेचतं.

"मंदे, ऊठ! गाणं सुरू झालं."

इंदूवन्सं! ओढणी कमरेला खोचलेली, गाल भरलेले. आजारपणाची खूण कुठेच नाही.

"वन्सं, तुम्ही तर..."

"गेले. माहितेय मला. चल लवकर, नाहीतर पाटलीणबाई पुढची जागा अडवतात."

मंदाकिनी पलंगावरून पाय खाली टाकते ते थेट हॉलच्या फरशीवर. सगळ्या बायका नाचताहेत. दोघी पुढे सरकतात तर ते घरचं स्वयंपाकघर आहे. गिरकी घेतात तर आठवडी बाजार, आणि भाजीवाल्या टोपल्या मागे ओढून त्यांना वाट करून देताहेत. सगळ्या उजवीकडे वळल्या की वन्सं हमखास डावीकडे. मंदाकिनीला हसू आवरत नाही.

भाज्यांच्या ढिगाऱ्यामागून कॉलेजची एक मुलगी मशीन घेऊन येते. वन्संना पट्टा बांधते. मशीनचा पडदा कोराच राहतो.

"आजी, तुमचं काही खर्चच होत नाहीये."

"कसं होणार बाळा? शिल्लक असेल तर खर्च!" वन्सं पोट धरधरून हसतात. पट्टा सोडवतात आणि स्वतःच्या हातांनी मंदाकिनीला बांधतात. पडद्यावर आकडे भराभर चढू लागतात.

"अगं बाई, केवढं हे! पोरी, बघ माझी भावजय!" मग मंदाकिनीच्या कानाशी येऊन हळूच, "एवढं सगळं अंगात ठेवून दुपारची लोळत काय पडतेस?"

"जोडीला कोण आहे आता मला?"

"पाटलीणबाईंना घे. त्यांनाही कुठे उजवं-डावं कळतंय!"

दोघी पुन्हा हसत सुटतात. गाणं वेग धरतं. वन्सं तिचा हात धरून तिला गरकन फिरवतात आणि सोडून देतात. ती फिरतच राहते, पडत नाही.

जाग येते तेव्हा खोलीत गारवा आहे, पंखा बंद आहे. मंदाकिनी उठून बसते आणि आधी फोन लावते.

"रेश्मा, येतेय गं मी."

फोन ठेवते आणि मग तिच्या लक्षात येतं. ब्लाउज घामाने पाठीला चिकटला आहे. कपाळावरून एक धार ओघळून ओठापर्यंत येते. ती जिभेने टिपते. चांगली खारट आहे.