सासऱ्यांनी दिलेली सुनेची मुलाखत

बाळांनो, त्या मुलाखतीची आठवण झाली की अजून माझं डोकं तापतं. बायकांच्या कामावर संशोधन करणारा एक तरुण आमच्या बेला गावात आला होता. त्याला मराठी येत नव्हती, म्हणून मी दुभाषी झाले. शेजारची सून मला आधीच म्हणाली होती, "काकू, माह्यं भाजीचं दुकान मामंजीनं बंद करायले लावलं. मले ते पुन्हा लावाचं हाय. तेच सांगीन मी त्याले."

पण पाहुण्यासमोर खाटेवर सासरेच येऊन बसले. इथे सून सासऱ्यांपुढे तोंड उघडत नाही. ती पदर ओढून दाराआड उभी राहिली.

"दुकान का सोडलंस?" मी तिला विचारलं.

"तिले घरीच बरं वाट्टे," सासरे म्हणाले. "काऊन वो, खरं हाय ना?"

तिने मान हलवली. मी ते इंग्रजीत सांगितलं आणि त्या तरुणाने लिहून घेतलं.

मी इंग्रजीत त्याला खडसावलं, "ही मुलाखत सासऱ्यांची झाली. हिला माझ्या घरी बोलाव, एकटीला विचार."

"तिने होकार दिलाय," तो घड्याळाकडे पाहत म्हणाला.

आम्ही निघालो तशी ती फाटकापर्यंत मागे आली आणि हळूच म्हणाली, "काकू, म्हंजे आता कागदावर बी मले घरीच बरं वाट्टे का?"

तिचा प्रश्न मी जसाच्या तसा त्याला इंग्रजीत सांगितला. त्याने वही पिशवीत टाकली आणि म्हणाला, "मुलाखत संपली आहे."